न पचणारी साखर आणि तिचा पुरावा

जीवरसायनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात जनुकांच्या नियंत्रणाचे प्रकरण उघडले, तर पहिले उदाहरण बहुधा दुग्धशर्करेचे असते. एश्चेरिशिया कोलाय हा आतड्यातील जीवाणू. त्याच्यापुढे दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, आले की ते फोडणारा विकर तो तयार करू लागतो; ते संपले की थांबतो. निरोधक प्रथिन जनुकांच्या तोंडाशी ठाण मांडून बसलेले असते, लॅक्टोज येऊन त्याला उठवते आणि जनुके कामास लागतात. विद्यार्थी ही हकीकत एका बैठकीत शिकतो आणि सहसा विसरत नाही. ती इतकी सुबक आहे की तिच्यातील एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या प्रयोगांच्या आधारावर ती उभी आहे, त्यांतील निर्णायक अशा बहुतेक प्रयोगांत लॅक्टोज प्रेरक म्हणून वापरलेले नव्हते. वापरली होती ती लॅक्टोजची नक्कल: प्रयोगशाळेत घडविलेली, आणि जीवाणूला मुळीच न पचणारी.

ही नकली साखर आणि तिच्या जातीची इतर काही संयुगे यांनी दिलेल्या पुराव्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अशा संयुगांची सारी उपयुक्तता पेशीची फसगत होण्यात आहे. पेशी त्यांना एका विशिष्ट टप्प्यापर्यंत खरी साखर समजते, आणि त्यापुढे तिचे काही चालत नाही. प्रयोगातून जे कळते ते त्या टप्प्यापर्यंतचे असते. आपले शास्त्रीय वाङ्मय मात्र पुष्कळदा टप्प्यापलीकडचेही त्याच आत्मविश्वासाने बोलते. ही तक्रार केवळ शब्दांपुरती नाही, कारण या संयुगांपैकी एक अलीकडे रुग्णांच्या हातात औषध म्हणून गेलेले आहे.

प्रथम दुग्धशर्करेची गोष्ट. झाक मोनो यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात जीवाणूंच्या वाढीचा एक चमत्कारिक आलेख दिला होता. ग्लुकोज आणि दुसरी एखादी साखर एकत्र दिली असता जीवाणू आधी ग्लुकोज संपवितात, मग काही काळ वाढ थबकते, आणि नंतर दुसऱ्या साखरेवर ती पुन्हा सुरू होते. या दुहेरी वाढीचा अर्थ लावण्याच्या प्रयत्नातून पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील पुढचे सारे संशोधन निघाले. अर्थ लावताना अडचण अशी की लॅक्टोज एकाच वेळी तीन भूमिका करते. ते विकराच्या निर्मितीस प्रेरणा देते, त्याच विकराचे भक्ष्य होते, आणि फुटल्यावर जीवाणूचे अन्नही होते. परिणाम कोणत्या भूमिकेचा हे ओळखायचे कसे? प्रेरणा वाढली की लॅक्टोज अधिक वेगाने फुटणार, म्हणजे प्रेरकच नाहीसा होणार. मोजमाप करावयाची वस्तू मोजमापाच्या साधनालाच खाऊन टाकते, असा तो प्रकार.

तोड रसायनशास्त्राने काढून दिली. लॅक्टोजमध्ये गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज हे दोन भाग ऑक्सिजनच्या एका अणूने सांधलेले असतात, आणि विकर हाच सांधा तोडतो. ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू बसविला, तर रेणूचा आकार जवळजवळ तोच राहतो, परंतु विकराला तो सांधा तुटत नाही. जर्मनीत हेल्फरिख आणि ट्यूर्क यांनी १९५६ मध्ये अशी काही गंधकयुक्त गॅलॅक्टोसाइडे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्यापैकी आयसोप्रोपिल-थायोगॅलॅक्टोसाइड आज सर्वत्र आयपीटीजी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्यात ग्लुकोजचा भागच नाही. त्याच्या जागी तीन कार्बनांचा एक छोटा गट आहे. याचे भावंड टीएमजी. त्यात एकाच कार्बनाचा गट आहे. दोघेही प्रेरणा देतात, आणि दोघेही अन्न होत नाहीत.

त्याआधीच, १९५१-५२ च्या सुमारास, मोनो व मेल्विन कोन यांच्या गटाने एक महत्त्वाची गोष्ट दाखविली होती. प्रेरक असणे आणि विकराचे भक्ष्य असणे हे दोन निरनिराळे गुण आहेत. काही संयुगे प्रेरणा देतात पण फुटत नाहीत. याउलट फिनाइल-गॅलॅक्टोसाइडासारखी काही फुटतात पण प्रेरणा देत नाहीत. विकराला आपला साचा भक्ष्याकडून मिळतो ही त्या काळी रूढ असलेली कल्पना यामुळे मोडली. पहिल्या प्रकारच्या संयुगांना पॅरिसच्या मंडळींनी जे विशेषण दिले त्याचा फ्रेंचमधील अर्थ ‘मोबदल्याविना’ असा होतो. मराठीत ‘मोफत प्रेरक’ म्हटले तर दुकानाची आठवण होते, ‘निष्कारण प्रेरक’ म्हटले तर अर्थ बिघडतो, कारण कारण तर आहेच. प्रस्तुत लेखकाला ‘अहेतुक प्रेरक’ हा शब्द बरा वाटतो. आपल्या भक्तिपरंपरेत जी कृपा परतफेडीची अपेक्षा ठेवीत नाही तिला अहेतुक म्हणतात. येथे परतफेड न मिळताही विकर घडवीत राहणारा बिचारा जीवाणू तेवढ्यापुरता कृपावंत ठरतो.

परंतु या विशेषणातच पुढच्या घोटाळ्याचे मूळ आहे. मूळ शब्दाचा आशय एवढाच होता की प्रेरकापासून जीवाणूला लाभ नाही. वापरता वापरता तो ‘प्रेरकाचा जीवाणूवर दुसरा कोणताच परिणाम नाही’ असा झाला. लाभ नसणे आणि परिणाम नसणे या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. आयपीटीजीचा उल्लेख ‘निष्क्रिय’ किंवा ‘तटस्थ’ प्रेरक असा करणाऱ्या लेखकांनी हे अंतर कोठे ओलांडले हे त्यांना स्वतःलाही सांगता येईल असे वाटत नाही.

या साधनाने जे मिळवून दिले ते अल्प नव्हते, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. जाकोब आणि मोनो यांचा १९६१ मधील प्रदीर्घ निबंध, ज्यात नियामक जनुक, निरोधक आणि ऑपेरॉन यांची मांडणी झाली, तो अहेतुक प्रेरकांशिवाय लिहिला गेला नसता. त्या निबंधात निरोधक हा आरएनए असावा असा अंदाज होता आणि तो पुढे चुकीचा ठरला. तो चुकीचा ठरविण्याचे कामही आयपीटीजीनेच केले. वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये किरणोत्सर्गी आयपीटीजी घेऊन जीवाणूंचा अर्क अपोहनाच्या पिशवीत भरला आणि पिशवीच्या आत हे संयुग बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक साठते असे दाखविले. आत त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते. ते काहीतरी म्हणजे निरोधक, आणि तो प्रथिन होता. एका जनुकामागे त्याचे अवघे दहाएक रेणू असावेत असा त्यांचा हिशेब निघाला. इतकी विरळ वस्तू हुडकायची तर जिच्याशी ती चिकटते ती साखर अर्कातील विकरांनी फुटून जाऊन चालणार नाही. खऱ्या लॅक्टोजने हा शोध लागता ना. म्युलर-हिल यांनी १९९६ मध्ये या साऱ्या संशोधनाचा एक छोटेखानी इतिहास लिहिला. लॅक ऑपेरॉनच्या अभ्यासकाने तो अवश्य पाहावा.

आता दुसरी बाजू. पाठ्यपुस्तकातील आकृतीत लॅक्टोजचा षट्कोन निरोधकाला जाऊन चिकटतो. वस्तुतः तो चिकटून निरोधकाला उठवीत नाही. लॅक्टोज हे स्वतः प्रेरक नव्हे, ही गोष्ट १९६४-६५ मध्येच स्पष्ट झाली होती, आणि ती स्पष्ट करणाऱ्यांत खुद्द मोनो यांची प्रयोगशाळा होती. ज्या जीवाणूत लॅक्टोज फोडणारा विकर, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेज, उत्परिवर्तनाने नष्ट झालेला असतो, त्यात आयपीटीजी प्रेरणा देते पण लॅक्टोज देत नाही. खरा प्रेरक हा लॅक्टोजचा एक फेरजुळणी झालेला अवतार आहे. जोब आणि बूर्झ्वा यांनी १९७२ मध्ये तो ॲलोलॅक्टोज असल्याचे दाखविले. गंमत अशी की लॅक्टोजचे ॲलोलॅक्टोज करण्याचे काम बीटा-गॅलॅक्टोसिडेजच करतो. तो काही लॅक्टोज रेणू सरळ फोडतो, आणि काहींचा सांधा एका कार्बनावरून सोडवून दुसऱ्यावर जोडतो.

म्हणजे विकर निर्माण व्हावयास प्रेरक हवा, आणि प्रेरक निर्माण व्हावयास विकर हवा. झाकण पूर्ण घट्ट बसत नसल्यामुळे प्रेरणेशिवायही जीवाणूत या विकराचे मोजके रेणू असतात, म्हणून हे चक्र सुरू होऊ शकते. पुढे तोच विकर ॲलोलॅक्टोजही फोडतो, म्हणून चक्राला आपोआप लगाम बसतो. निसर्गातील व्यवस्थेचे मर्म हे आहे. आयपीटीजी वापरले की यातला एकही दुवा शिल्लक राहत नाही. विकराचा प्रेरकाच्या निर्मितीत हात नाही आणि नाशातही नाही. आपण पाहतो ते दार उघडण्याचे यंत्र. पाहुणा आत येऊन काय करतो, हे मुद्दाम वगळलेले असते. वगळणे हा गुन्हा नव्हे. प्रयोग म्हणजे वगळण्याचीच कला होय. पण जे वगळले त्याच्या जागी आकृतीत लॅक्टोजचे नाव घालणे ही मात्र गफलत आहे, आणि ती साठ वर्षे छापली जात आहे.

नोविक आणि वायनर यांचा १९५७ मधील निबंध या दृष्टीने फार शिकविणारा आहे. त्यांनी टीएमजीचे प्रमाण अगदी कमी ठेवले. संपूर्ण संवर्धनात विकराची सरासरी मध्यम आली. सामान्य वाचक म्हणेल, प्रत्येक जीवाणू थोडा थोडा प्रेरित झाला असेल. तसे नव्हते. काही जीवाणू पूर्ण प्रेरित होते, बाकीचे मुळीच नव्हते. मध्यम अशी अवस्था कोणा एकाचीही नव्हती. कारण असे की प्रेरक आत आणणारे पर्मिएज नावाचे वाहक प्रथिनही याच ऑपेरॉनमधून घडते. एखाद्या जीवाणूत योगायोगाने वाहकाचा एक रेणू तयार झाला की प्रेरक आत येतो, त्याने आणखी वाहक घडतात, आणि तो जीवाणू थेट टोकाला जातो. त्याची संततीही प्रेरितच राहते. जनुके तीच, परिस्थिती तीच, आणि तरी दोन वंश भिन्न.

आयपीटीजीचे प्रमाण भरपूर असेल तर ते वाहकाशिवायही आत शिरते आणि हा प्रकार दिसत नाही. पदव्युत्तर प्रयोगशाळांत दर लिटरला सुमारे पाव ग्रॅम घालण्याची जी प्रथा आहे, तिच्यात सर्व जीवाणू एकदम प्रेरित होतात. पण कोणी ‘प्रथिन कमी हवे आहे, म्हणून आयपीटीजी कमी घातले’ असे लिहितो, आणि त्याच्या जीवाणूत वाहक शाबूत असतो, तेव्हा त्याच्या हाती कमी प्रथिनाचे जीवाणू नव्हे, तर कमी जीवाणूंत भरपूर प्रथिन आलेले असण्याचा संभव असतो. सरासरीचा आकडा दोहोंत सारखाच येईल. शिवाय टीएमजीवर आढळलेली ही दुभंग अवस्था लॅक्टोजवर जगणाऱ्या जीवाणूला जशीच्या तशी लावता येणार नाही. लॅक्टोज आत आले की फुटू लागते, आणि चक्राचे गणितच बदलते.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र मोनोंच्या मूळ प्रश्नाचेच आहे. ग्लुकोज असताना जीवाणू लॅक्टोजकडे का पाहत नाही? पाठ्यपुस्तकाचे उत्तर ठरलेले आहे: ग्लुकोजमुळे चक्रीय एएमपी नावाच्या संदेशवाहक रेणूचे प्रमाण घटते, त्यामुळे जनुकाला उत्तेजन देणारे एक प्रथिन निकामी राहते, आणि लॅक्टोजची जनुके मंद पडतात. जपानमध्ये इनादा, किमाता आणि ऐबा यांनी १९९६ मध्ये हे उत्तर तपासून पाहिले. ग्लुकोजवर वाढ चालू असताना आणि नंतर लॅक्टोजवर वाढ चालू असताना चक्रीय एएमपीचे प्रमाण त्यांना सारखेच आढळले. बाहेरून चक्रीय एएमपी घातले तरी दुहेरी वाढ गेली नाही. मात्र निरोधक काढून टाकला किंवा आयपीटीजी घातले, तेव्हा ती गेली. याचा उलगडा असा: ग्लुकोज आत येत असताना त्याच्या वाहतुकीतील एक प्रथिन लॅक्टोजच्या वाहकाला जाऊन चिकटते आणि त्याचे दार बंद करते. लॅक्टोज आतच येत नाही. आत नाही म्हणून ॲलोलॅक्टोज नाही. ते नाही म्हणून प्रेरणा नाही.

हा निष्कर्ष निघण्यास इतकी वर्षे का लागावीत? उत्तर पुन्हा नकली साखरेत सापडते. ग्लुकोजचा दाब मोजताना प्रेरणा कायम राहावी म्हणून संशोधक भरपूर आयपीटीजी घालीत. आयपीटीजीला त्या बंद दाराची गरजच नव्हती. ते भिंतीतून आत शिरत होते. त्यामुळे ग्लुकोजच्या परिणामातील सर्वांत मोठा भाग मोजमापातून आधीच गळून गेलेला असे, आणि उरलेल्या लहान भागालाच संपूर्ण स्पष्टीकरण समजले जाई. साधन चोख होते, मोजमापही चोख होते; प्रश्न मात्र साधनाला न कळणारा होता. आणि ऐबा प्रभृतींनी तीच आयपीटीजी, तिचा हा गुण ओळखून, तुलनेची एक बाजू म्हणून वापरली तेव्हा तिनेच खरे उत्तर दाखविले. एकाच कुपीतील एकच पांढरी भुकटी दोन निरनिराळी उत्तरे देते, ती विचारणाऱ्याच्या सावधपणाप्रमाणे.

‘निष्क्रिय’ या विशेषणाबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लॅक ऑपेरॉनमध्ये तीन जनुके आहेत. पहिल्यापासून विकर, दुसऱ्यापासून वाहक घडतो. तिसऱ्यापासून जो विकर घडतो त्याचे काम गॅलॅक्टोसाइडांना ॲसिटिल गट जोडण्याचे. लॅक्टोजच्या पचनाला त्याची गरज नाही. तो ओळखला गेला तो मुख्यतः गंधकयुक्त नकली साखरांना तो ॲसिटिल गट जोडतो म्हणूनच! ॲन्ड्र्यूज आणि लिन यांनी १९७६ मध्ये असे सुचविले की न पचणाऱ्या साखरा आत साठून अपाय करू नयेत म्हणून त्यांना खूण करून बाहेर घालविण्याची ही सोय असावी. ते खरे असेल तर ज्या संयुगाला आपण तटस्थ म्हणतो, त्याला जीवाणू उपद्रव समजतो असे म्हणावे लागेल.

प्रेरकाचा लाभ नसला तरी त्याची किंमत असते हे ओळखून केलेले प्रयोगही आहेत. डेकेल आणि ॲलन यांनी २००५ मध्ये आयपीटीजी देऊन, लॅक्टोजचा लाभ शून्य ठेवून, निव्वळ प्रथिने घडविण्याचा खर्च मोजला. पूर्ण प्रेरणेत वाढीचा वेग काही टक्क्यांनी घटतो. नंतर लाभ वेगळा मोजला. अहेतुक प्रेरकाचा याहून नेमका उपयोग प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही. त्याच वर्षी स्टडियर यांनी प्रथिननिर्मितीसाठी एक संवर्धनद्रव प्रसिद्ध केला, त्यात आयपीटीजीला फाटा दिलेला आहे. त्या द्रवात ०.५ टक्के ग्लिसरॉल, ०.०५ टक्के ग्लुकोज आणि ०.२ टक्के लॅक्टोज असते. जीवाणू रात्रभर वाढतात, ग्लुकोज संपते, आणि मग लॅक्टोज आपोआप प्रेरणा देते. मोनोंचा १९४२ चा आलेख येथे घड्याळासारखा राबविला आहे. अर्थात ज्या जीवाणूत बीटा-गॅलॅक्टोसिडेज नाही त्यात हा द्रव चालणार नाही, आणि का चालणार नाही हे पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून कळणारही नाही.

प्रेरकाच्या जोडीने प्रयोगशाळेत जिचे नाव घेतले जाते ती एक्स-गॅल ही दुसरी साखर. हिच्याविषयी थोडक्यात. ही मात्र फुटणारी आहे. बीटा-गॅलॅक्टोसिडेजने तिच्यातील गॅलॅक्टोज तोडले की जो भाग उरतो, त्याचे दोन रेणू हवेतील ऑक्सिजनाने एकमेकांस जोडले जाऊन न विरघळणारी नीळ बनते. हे रसायन आपल्या देशाला नवे नाही. नीळीच्या झाडाच्या पानांतही रंगाचा पूर्वज ग्लुकोजला बांधलेला असतो. पाने हौदात कुजविली की साखर सुटते, पाणी घुसळून हवा दिली की निळा गाळ बसतो. १९६४ मध्ये एक्स-गॅल तयार झाली ती याच तत्त्वावर. फक्त ग्लुकोजच्या जागी गॅलॅक्टोज आणि रंगद्रव्यावर ब्रोमीन व क्लोरीन. निळी वसाहत म्हणजे जनुक शाबूत, पांढरी म्हणजे मध्ये परका तुकडा शिरलेला, असा नियम विद्यार्थी पाठ करतात. वस्तुतः रंग विकराची ग्वाही देतो, जनुकाची नव्हे. चौकट न मोडता शिरलेला लहान तुकडा फिकट निळी वसाहत देऊ शकतो, आणि काहीही न शिरता झालेले उत्परिवर्तन पांढरी. प्राण्यांच्या पेशींत तर हा विकर मुळातच असतो. १९९५ मध्ये डिम्री आणि सहकाऱ्यांनी सहा सामूवर निळ्या होणाऱ्या पेशी वृद्ध समजाव्यात असे दाखविल्यापासून त्या रंगाला ‘वार्धक्याची खूण’ म्हटले जाते. २००६ मध्ये कळले की हा पेशीच्या लायसोसोममधील नेहमीचाच विकर आहे, आणि त्याच्याशिवायही पेशी वृद्ध होऊ शकतात. खूण उपयोगी आहे; पण खूण म्हणजे कारण नव्हे, हे दरवेळी लिहिले जात नाही.

येथवरचा घोटाळा जीवाणूंपुरता आणि काचेच्या बशीपुरता होता. तिसरे संयुग बशीबाहेर गेले. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनावरील ऑक्सिजन काढून टाकला की डीऑक्सिग्लुकोज मिळते. पेशी ते ग्लुकोजप्रमाणेच आत घेते, त्यावर फॉस्फेटही चढविते. पुढच्या पायरीला दुसऱ्या कार्बनावरचा तो ऑक्सिजनच हवा असतो. तो नसल्यामुळे संयुग तेथेच अडकते, साठते, आणि खऱ्या ग्लुकोजची वाट अडविते. १९५४ पासून ते ग्लुकोजच्या ज्वलनाला खीळ घालणारे द्रव्य म्हणून वापरात आहे.

अडकून राहण्याच्या या गुणाचा सर्वांत प्रामाणिक उपयोग लुई सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये केला. किरणोत्सर्गी डीऑक्सिग्लुकोज उंदराला देऊन मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो हे त्यांनी मोजले. पण त्यांनी नकली साखरेचा आकडा खऱ्या साखरेचा म्हणून दिला नाही. दोहोंची वाहतूक व फॉस्फेट चढण्याचा वेग भिन्न असल्याने त्यांनी सूत्रातच एक स्थिरांक घातला आणि तो प्रयोगाने काढला. प्रयोगातील उंदरात तो सुमारे ०.४८ आला. नक्कल आणि अस्सल यांतील फरक त्यांच्या सूत्रात उघडपणे लिहिलेला आहे. त्याच कल्पनेवर फ्लोरीनयुक्त डीऑक्सिग्लुकोज १९७६ मध्ये प्रथम माणसांना देण्यात आले, आणि आज कर्करोगाच्या पीईटी तपासणीत ते रोजचे झाले आहे. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये भारतातील पहिले पीईटी यंत्र चालू झाले. अशा चित्रात गाठ उजळते हे खरे. परंतु निरोगी मेंदूही प्रत्येकाच्या चित्रात लखलखीत असतो, आणि औषध मूत्रावाटे जात असल्याने मूत्राशयही. साखर जेथे जेथे खपते तेथे तेथे ही नकली साखर साठते. ती रोग ओळखीत नाही.

हे ध्यानात ठेवून मे २०२१ मधील घटनेकडे पाहावे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, हैदराबादच्या एका औषध कंपनीसह संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या डीऑक्सिग्लुकोजला मध्यम ते गंभीर रुग्णांत साहाय्यक उपचार म्हणून तातडीची परवानगी मिळाली. पाण्यात विरघळवून घ्यावयाची ती भुकटी होती. सरकारी पत्रकात म्हटल्याप्रमाणे तिसऱ्या टप्प्यातील २२० रुग्णांच्या चाचणीत तिसऱ्या दिवशी बाह्य ऑक्सिजनाची गरज न उरलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ४२ टक्के, तर इतरांत ३१ टक्के होते. आकड्यांचे मूल्यमापन वैद्यकशास्त्राच्या जाणकारांनी करावे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप पत्रकातील स्पष्टीकरणाला आहे. औषध विषाणूग्रस्त पेशींत निवडकपणे साठते आणि त्यांची ऊर्जानिर्मिती थांबविते, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले. विषाणूग्रस्त पेशी अधिक ग्लुकोज ओढतात हे मान्य. पण मेंदू त्याहून नेमाने ओढतो, हे तर परळच्या कोणत्याही चित्रात दिसते. ‘निवडकपणे’ हा शब्द येथे पुराव्यापेक्षा पुढे गेला आहे.

‘ऊर्जानिर्मिती थांबविते’ या भागातही एक जुना प्रश्न झाकला जातो, आणि तो नावामुळेच झाकला जातो. मॅनोज नावाची साखर ग्लुकोजहून भिन्न आहे ती फक्त दुसऱ्या कार्बनावरील ऑक्सिजनाच्या दिशेमुळे. तो ऑक्सिजनच काढला की दोहोंतील फरक संपतो. म्हणजे डीऑक्सिग्लुकोज म्हणून ज्याला आपण ओळखतो ते तेवढ्याच न्यायाने डीऑक्सिमॅनोज आहे. नाव एकाचे पडले म्हणून दुसऱ्याचा विसर पडला. पेशी मात्र विसरत नाही. प्रथिनांवर ज्या साखरेच्या साखळ्या चढविल्या जातात त्यांत मॅनोज भरपूर असते, आणि हे संयुग मॅनोजच्या जागी शिरून त्या साखळ्या अर्धवट सोडते. डाटेमा आणि श्वार्त्स यांनी १९७८ मध्ये हे दाखविले. किलबोर्न यांना १९५९ मध्येच इन्फ्लुएन्झाचा विषाणू या संयुगाने रोखता आला होता, आणि १९७२ पर्यंत वेष्टन असलेल्या इतर आरएनए विषाणूंवरही तो परिणाम दिसला. या विषाणूंच्या वेष्टनातील प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या असतात. कोविडच्या विषाणूच्या काटेरी प्रथिनाच्या प्रत्येक साखळीवर तर अशा बावीस जागा आहेत. २०२० मध्ये फ्रँकफुर्टच्या संशोधकांनी पेशीसंवर्धनात हा विषाणूही डीऑक्सिग्लुकोजने रोखला. तो ऊर्जा तुटल्याने रोखला गेला की साखळ्या बिघडल्याने, हे केवळ रोखला गेल्यावरून ठरत नाही.

ठरविण्याची रीत मात्र फार अवघड नाही. कर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखविले की थोडे मॅनोज घातले असता साखळ्यांवरील परिणाम नाहीसा होतो, आणि ग्लुकोजच्या ज्वलनावरील परिणाम तसाच राहतो. ज्यांना डीऑक्सिग्लुकोज घालून ‘ऊर्जा बंद केली’ असे लिहावयाचे आहे, त्यांनी शेजारी मॅनोज घातलेली एक परीक्षानळी ठेवावी. या संयुगावरचे कितीतरी निबंध वाचताना ती नळी प्रयोगाच्या वर्णनात शोधावी लागते, आणि बहुधा सापडत नाही.